दूर बसून खेळू या

मुलांनो, खेळायला काय काय लागते? मैदान लागते, सवंगडी लागतात आणि थोडा मोकळा वेळ लागतो. पण मैदानाला कुलूप असेल, सवंगडी दुसऱ्या वस्तीत अडकला असेल आणि मोकळा वेळ मात्र दिवसभर असेल, तर काय कराल?

अशी वेळ आपल्यावर खरोखरच आली होती. तुम्ही तेव्हा लहान होतात. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळली गेली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. नागपुरात एरवी पाय ठेवायला जागा नसते अशी सीताबर्डी ओस पडली. एप्रिल महिन्यात सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या वस्त्यांत करोनाचे रुग्ण वाढले, तेव्हा तेथील रस्ते अडथळे लावून बंद करण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस रमजान सुरू झाला. मशिदी बंद होत्या. तरावीहची नमाज लोकांनी घरातच अदा केली. मुले खिडकीत बसून रिकामी गल्ली पाहत.

माझ्या वर्गातील काही मुले मोमिनपुऱ्यात होती, काही टेका भागात, तर एक जण आजोळी कामठीला गेला होता तो तिकडेच राहिला. आमची शाळा तेव्हा फोनवर भरत असे. पाठ संपला की कोणीतरी हमखास विचारी, “सर, आता थोडे खेळू या का?” त्या वर्षी व्हॉट्सॲपवर एका वेळी फक्त चार जणांना बोलता येत असे. एप्रिल २०२० मध्ये ती संख्या आठ झाली. आठ जण म्हणजे चांगला डाव झाला! म्हणून आम्ही खेळायला लागलो. पण पहिल्याच दिवशी फजिती झाली.

आम्ही गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. गाणे सगळ्यांनी मिळून म्हणायचे आणि टाळ्याही वाजवायच्या असे ठरले. झाले भलतेच. एकाचे धृपद संपले तरी दुसऱ्याची पहिलीच ओळ चालू. टाळ्या तर पत्र्यावर पाऊस पडावा तशा, एकीचा दुसरीशी मेळ नाही. मुले हसून हसून लोळली. पण खेळ काही जमला नाही.

असे का होते, ते पाहा. समजा, कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर तुमच्यापासून शंभर मीटर अंतरावर तुमचा मित्र उभा आहे. त्याने टाळी वाजवली. हात जुळलेले तुम्हांला लगेच दिसतात; पण आवाज थोड्या वेळाने येतो. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर यायला त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागतो. फोनवरही असाच उशीर होतो, पण त्याचे कारण वेगळे आहे. फोन आपल्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि ते एकामागून एक पाठवतो. वाटेत काही तुकडे मागे राहतात, काही पुढे जातात. पलीकडचा फोन त्यांची वाट पाहतो, ते पुन्हा क्रमाने लावतो आणि मग आवाज ऐकवतो. हा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शापर्यंत असेल, तर बोलताना तो जाणवत नाही. पण एकत्र गाणाऱ्यांना मात्र तेवढाही उशीर पुरे होतो! शिवाय दोघे एकदम बोलू लागले, तर फोन बहुधा एकाचा आवाज दाबून टाकतो.

यावरून खेळ कसा निवडायचा ते आमच्या लक्षात आले. ज्या खेळात एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तो खेळ दूर बसून उत्तम होतो. घाईने ओरडायचे खेळ, ‘जो आधी सांगेल तो जिंकला’ असे खेळ टाळावेत. त्यांत ज्याच्या घरी रेंज चांगली तोच जिंकतो. याला मी खेळ म्हणत नाही.

आता सर्वांत सोपा खेळ घ्या. तो म्हणजे नाव-गाव-फळ-फूल. प्रत्येकाने कागदावर चार रकाने आखायचे. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरे म्हणत जायचे. दुसऱ्याने ‘थांब’ म्हणताच जे अक्षर आले असेल ते मोठ्याने सांगायचे. समजा, ‘स’ आला. मग लिहा : सलीम, सावनेर, संत्रे, सदाफुली. वेळ संपली की सर्वांनी पेन्सिल वर धरून दाखवायची. नंतर एकेकाने वाचायचे. शब्द आपल्या एकट्याचाच असेल तर दहा गुण, दुसऱ्या कोणीही तोच लिहिला असेल तर पाच. म्हणून हुशार मुले ‘न’ आला की ‘नागपूर’ लिहीत नाहीत. ते सगळेच लिहिणार!

या खेळात आमच्याकडे मोठा वाद झाला. ‘अ’ आला तेव्हा एकाने फळ म्हणून ‘अंगूर’ लिहिले. दुसरा म्हणाला, “मराठीत द्राक्ष म्हणतात. अंगूर चालणार नाही.” दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. शेवटी नियम केला, की मराठी शब्दाला दहा गुण आणि उर्दू शब्दाला पाच. त्या दिवसापासून मुले दप्तरातून मराठीचे पुस्तक काढून त्यात फळे शोधू लागली. ‘नर्गिस’ हा शब्द मात्र एका मुलीने नाव आणि फूल अशा दोन्ही रकान्यांत लिहिला, आणि तो आम्हांला मान्य करावाच लागला.

दुसरा खेळ हौजीचा. यात फक्त पुकारणारा बोलतो, त्यामुळे साध्या फोनवरही तो खेळता येतो. चिठ्ठी घरीच बनवता येते. तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने आखा. प्रत्येक ओळीत पाच घरांत आकडे लिहा, बाकीची चार रिकामी सोडा. म्हणजे १ ते ९० पैकी पंधरा आकडे तुमच्या चिठ्ठीत येतात. पहिल्या रकान्यात ९ पर्यंतचे आकडे, दुसऱ्यात १० ते १९, असे पुढे जा. शेवटच्या रकान्यात ८० ते ९० येतात. खेळ सुरू होण्यापूर्वी चिठ्ठीचा फोटो सर्वांना पाठवा, म्हणजे मागाहून आकडा बदलता येणार नाही. पुकारणाऱ्याने आकडे मराठीत पुकारायचे. आपल्या मुलांची खरी परीक्षा इथेच होते! मराठीत ‘एकोणनव्वद’ म्हणजे ८९. त्यालाच आपण घरी ‘नवासी’ म्हणतो. ‘नवासी’च्या सवयीने ‘नव्याण्णव’ ऐकले की गोंधळ उडतो. पण हौजीत ९९ नसतोच, हे बरे. पैसे लावून मात्र हा खेळ खेळू नका. आमच्याकडे जिंकणाऱ्याला पुढचा डाव पुकारण्याचा मान मिळत असे, आणि त्यासाठी मुले भांडत.

वीस प्रश्नांचा खेळही असाच साधा आहे. एकाने मनात एक वस्तू धरायची. इतरांनी पाळीपाळीने प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. वीस प्रश्नांत एवढ्या मोठ्या जगातली एक वस्तू कशी सापडेल, असे वाटते ना? गणित करून पाहा. चांगल्या प्रश्नाने निम्म्या वस्तू बाद होतात. सोळा वस्तू असतील तर चार प्रश्न पुरतात : सोळाच्या आठ, आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक. याच हिशेबाने वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंमधून एक शोधता येते. म्हणून ‘ती पेन्सिल आहे का?’ असा प्रश्न सुरुवातीला वाया घालवू नका. ‘ती माणसाने बनवली आहे का?’ असे विचारा. एकदा कामठीच्या मुलाने मनात आपल्या शहरातला झिरो माइल धरला होता. कोणीतरी विचारले, “त्याला पाय आहेत का?” बिचारा अडला. खांबाला पाय नाहीत. पण शेजारच्या घोड्यांना आहेत! तो इतका वेळ गप्प राहिला, की आम्हांला वाटले त्याचा फोनच बंद पडला.

आता माझ्या आवडीचा खेळ सांगतो. बैतबाजी तुम्हांला माहीत आहे. एकाने शेर म्हणायचा, तो ज्या अक्षराने संपेल त्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्याने म्हणायचा. ‘है’ने संपणारे शेर ‘ये’ या अक्षरावर थांबतात. म्हणून मुरलेला खेळाडू ‘ये’चे शेर साठवून ठेवतो. मराठीतील शब्दांच्या भेंड्या ही याच खेळाची बहीण समजा. ‘पाऊस’ म्हटले की ‘स’ आला. ‘सकाळ’ म्हटले की ‘ळ’ आला. पण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द आणायचा कोठून? मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरे शब्दाच्या आरंभी येत नाहीत, जसे उर्दूत ‘ड़े’ने कोणताही शब्द सुरू होत नाही. म्हणून ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला की ‘न’. मग ‘लगोरी’, ‘रस्ता’, ‘तलाव’, ‘वारा’ अशी साखळी पुढे जाते. उत्तर आले नाही, तर दहापर्यंत अंक मोजायचे, आणि तरीही गप्प राहणाऱ्यावर भेंडी चढवायची.

या दहा अंकांनीच आमच्यात एकदा रुसवेफुगवे झाले. मोमिनपुऱ्यातील एक मुलगी भेंड्यांत फार तरबेज होती. घरात फोन एकच, तोही मोठ्या भावाचा. इफ्तारनंतर तो तिला अर्धा तास मिळे. चित्र दिसू लागले की आवाज तुटत असे, म्हणून ती नुसत्या आवाजाने खेळे. एका संध्याकाळी तिच्या गटावर ‘ठ’ आला. अंक मोजणे सुरू झाले आणि सहा म्हणताच तिचा आवाज गेला. दुसऱ्या गटाने दहापर्यंत मोजले आणि भेंडी चढवली. वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा डाव संपलेला होता. ती एवढेच म्हणाली, “सर, मला शब्द आठवला होता.” मी पंच होतो आणि मीच अंक मोजू दिले होते. दोन दिवस ती खेळायला आली नाही.

पुढे ऑगस्टमध्ये याच्यासारखीच गोष्ट फार मोठ्या पटावर घडली. करोनामुळे २०२० साली बुद्धिबळाचे ऑलिंपियाड संगणकावर खेळले गेले. देशोदेशीचे खेळाडू आपापल्या ठिकाणी पडद्यासमोर बसले. प्रत्येक संघात सहा पट : दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक तरुण मुलगा आणि एक तरुण मुलगी. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात आपल्या नागपूरची दिव्या देशमुखही होती. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ३० ऑगस्टला अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत डाव चालू असतानाच इंटरनेटची जोडणी तुटली. निहाल सरीन आणि दिव्या यांना चाल करता येईना. पण घड्याळ पळतच होते. वेळ संपली आणि दोघेही हरले असे ठरले. सामना रशियाने जिंकल्याचे दिसू लागले. भारताने दाद मागितली. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी विचार करून भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिले. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

आमच्या वर्गाने मात्र ऑगस्टची वाट पाहिली नव्हती. त्या मुलीला मी फोन केला आणि चूक माझी होती असे सांगितले. मग सर्वांनी मिळून नियम केले. ज्याचा आवाज जाईल त्याची पाळी राखून ठेवायची आणि तोवर दुसरा खेळ खेळायचा. ज्याच्याकडे चित्र दिसत नाही असा एक जरी मित्र असेल, तर मूकाभिनयाचा खेळ घ्यायचा नाही. फोन घरातल्या दुसऱ्याला हवा असेल त्याला आधी खेळू द्यायचे. आणि अजानच्या पाच मिनिटे आधी डाव थांबवायचा.

तिसऱ्या दिवशी ती आली. तिच्यासाठी ‘ठ’ राखून ठेवलेला होता. मी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. तीन म्हणताच ती म्हणाली, “ठिणगी!” मग पलीकडच्या गटावर ‘ग’ गेला.