घरच्या सोन्यारुप्याची स्वच्छता

शेतीच्या मासिकांत दागिने धुण्याचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या घरचें सोनें हें केवळ अंगावर घालण्याचें लेणें नसून अडीअडचणीची शिल्लक आहे, हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको. मृगाच्या तोंडावर बीबियाणें व खत घ्यावयाचें असो, विहिरीचें काम निघो, कीं मुलीचें लग्न ठरो, पाटल्या व मोहनमाळ सोसायटीच्या किंवा बँकेच्या तारणांत जातात. आणि तेथें त्यांचें मोल वजनावर व कसावर ठरतें, चकाकीवर नव्हे. खडे, मोती व लाख वजा करून निव्वळ सोन्याचेंच वजन तेथें धरतात. असें असतां सणावाराला दागिना उजळ दिसावा म्हणून दरवर्षीं तो गुंजभर झिजविणें म्हणजे शेत साफ दिसावें म्हणून वरची सुपीक माती खरवडून टाकण्यासारखेंच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरीं याहूनही वाईट प्रकार घडलेला आहे. सुगीचे दिवस होते, पुरुषमाणसें खळ्यावर गेलेलीं, आणि दोन नीटनेटके तरुण भांडीं उजळण्याची भुकटी विकावयास दारीं आले. त्यांनीं प्रथम देवघरांतील समई फुकट घांसून दिली. ती झळकूं लागली तेव्हां सुनेचे पैंजण मागून घेतले, तेही उजळले. मग आईच्या हातांतील पाटल्या. त्या एका वाटींतील पातळ द्रवांत कांहीं वेळ बुडवून, पुढें हळदीच्या पाण्यांत टाकून, भांड्यावर झांकण ठेवून, "अर्ध्या तासानें उघडा" असें सांगून ते निघून गेले. पाटल्या पिवळ्याधमक निघाल्या व सर्वांस आनंदच झाला. पुढें तारणासाठीं त्या कांट्यावर घातल्या तेव्हां आधींच्या पावतींत बेचाळीस ग्रॅम असलेलें वजन साडेअडतीस भरलें. नक्षीचे कंगोरे बोथट झाले होते, तें आम्हांस तोंवर दिसलेंच नव्हतें. आईनें त्या पाटल्या पुन्हां हातांत घातल्या नाहींत.

ही जादू नव्हे, साधें रसायन आहे. एकट्या शोऱ्याच्या तेजाबानें सोनें विरघळत नाहीं व एकट्या मिठाच्या तेजाबानेंही विरघळत नाहीं. परंतु एक भाग शोऱ्याचें व तीन भाग मिठाचें अशीं तीं एकत्र केलीं म्हणजे जो द्रव होतो, त्यास अम्लराज म्हणतात, आणि त्यांत सोनें खडीसाखरेसारखें विरूं लागतें. भामटा दागिना परत देतो, पण वाटी आपल्याबरोबर नेतो. आपण फळबागेंत लोहाच्या कमतरतेवर जो हिराकस घालतों, तोच त्या द्रवांत टाकला कीं विरलेलें सोनें तपकिरी भुकटीच्या रूपानें तळाशीं बसतें. ती भुकटी आटविली म्हणजे झालें. चाळीस ग्रॅमांतून एक ग्रॅम गेला तर अनुभवी डोळ्यासही तो दिसत नाहीं. हळदीचें पाणी आणि अर्ध्या तासाची अट हीं केवळ पळ काढण्यास वेळ मिळावा म्हणून असतात. सबब दारावर आलेल्या माणसाच्या हातीं, तो कितीही गोड बोलो, दागिना देऊं नये, आणि ही गोष्ट घरांतील लेकीसुनांस व म्हाताऱ्या माणसांस आधींच बजावून ठेवावी. कारण असे लोक पुरुषमाणसें शेतावर असतांनाच येतात.

आतां घरच्या घरीं काय करावयाचें तें पाहूं. येथें एक भेद ध्यानांत घेतला म्हणजे बाकीच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप उलगडतात. सोन्यावर जो मळ बसतो तो बाहेरचा असतो: अंगचा घाम, तेल, पीठ, हळदकुंकू, धूळ. त्याच्याखालचें सोनें जसेंच्या तसें असतें. म्हणून तेथें नुसतें धुणें पुरे. चांदीचें तसें नाहीं. चांदीवरचा काळा थर हा मळ नसून हवेंतील गंधकाशीं संयोग पावलेली चांदीच होय. त्या थराच्या शंभर भागांत सुमारें सत्याऐंशी भाग निखळ चांदी असते. तो घांसून काढला तर चांदीच घांसून काढली जाते. म्हणून सोनें धुवावें, आणि चांदीवरील काळा थर खरवडण्याऐवजीं त्यांतील गंधक तेवढा काढून घेऊन चांदी जागच्या जागीं परत मिळवावी.

सोन्यासाठीं आमच्या मतें रिठ्यासारखें दुसरें साधन नाहीं. साबण वाईट नव्हे, परंतु आपल्याकडील बहुतेक विहिरींचें पाणी जड. त्यांत साबण फाटतो व त्याची पांढरट साय नक्षींत बसून दागिना उलट मंद दिसतो. रिठ्यास हा दोष नाहीं. चार-पांच रिठ्यांच्या बिया काढून टाकून टरफलें तांब्याभर कोमट पाण्यांत तासभर भिजत घालावीं, मग हातानें कुसकरून फेंस काढावा व पाणी गाळून घ्यावें. गाळण्याचा कंटाळा करूं नये. टरफलाचे कण नक्षींत अडकतात. दागिना त्या पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें ठेवून, दांत घांसण्याच्या जुन्या पण अगदीं मऊ ब्रशानें, विशेषतः आंतल्या बाजूनें व कड्यांच्या सांध्यांतून, हलकेच फिरवावें. हें पाणी डोळ्यांत जाऊं देऊं नये, फार झोंबतें. नंतर स्वच्छ कोमट पाण्याच्या दोन परातींत विसळून, जुन्या धुवट धोतराच्या फडक्यानें टिपून, सावलींत पुरता वाळूं द्यावा. हें सर्व मोरीवर न करतां परातींत करावें, हें सांगण्याचें कारण ज्यांच्या कानांतील फिरकी एकदां मोरींत गेली आहे त्यांस विचारावें.

राख, रांगोळी, वाळू, विटकरीची भुकटी किंवा दंतमंजन सोन्यास लावूं नये. सोनें हा फार मऊ धातु आहे. राखेंतील व मातींतील गारेचे सूक्ष्म कण त्याच्या दुपटीहून कठीण. प्रत्येक घांसणीस एक ओरखडा उठतो, आणि ओरखडा म्हणजे गेलेलें सोनें. मुलाम्याच्या दागिन्याचें तर चार-सहा घांसण्यांत तांबें किंवा चांदी वर येते.

वर सांगितलेली रीत भरीव दागिन्यांची झाली. आपल्याकडील पुष्कळ जुने दागिने भरीव नसतात, आणि तेथें जपावें लागतें. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजांतील पानें व मणी, पोकळ गोठ यांत आंतून लाख भरलेली असते. लाख उकळत्या पाण्याहून बऱ्याच कमी उष्णतेंत मऊ होते. असा दागिना गरम पाण्यांत टाकला कीं लाख छिद्रांतून बाहेर येते, पत्रा आंतून पोकळ होतो व बोट लागतांच चेपतो. असे दागिने पाण्यांत बुडवूंच नयेत. रिठ्याच्या थंड पाण्यांत पिळून घेतलेल्या फडक्यानें पुसून लगेच कोरडे करावे. कोंदणांत बसविलेल्या खड्यांसही हाच नियम, कारण खड्याखालीं चकाकीसाठीं वर्ख घातलेला असतो व पाणी शिरलें तर खडा आंधळा होतो. मंगळसूत्र दोऱ्यांत ओंवलेलें असेल तर वारंवार भिजवून दोरा कुजतो. दोरा मळकट दिसूं लागला कीं तो पटवेकऱ्याकडून बदलून घ्यावा, धुवीत बसूं नये.

मोत्याची गोष्ट निराळीच. नथ चिंचेच्या कोळांत किंवा लिंबाच्या रसांत टाकणाऱ्या बायका आम्हीं पाहिल्या आहेत. सोन्यास त्यानें फारसें कांहीं होत नाहीं, पण मोतीं व पोवळें हीं चुन्याच्याच जातीचीं आहेत, आणि आंबट पदार्थानें चुना जसा फसफसतो तशीच त्यांची कांति खाल्ली जाते. एकदां गेलेलें पाणी परत येत नाहीं. नथ काढल्यावर ओलसर मऊ फडक्यानें मोतीं पुसावीं, एवढेंच पुरे.

आतां चांदी. पैंजण काळे पडले म्हणजे सोनारानें फसविलें, किंवा अंगांतील उष्णता चांदीनें ओढून घेतली, असे तर्क घरोघर चालतात. दोन्ही खरे नव्हेत. हवेंत सडत्या पदार्थांतून, उकिरड्यांतून, कांद्याच्या चाळींतून गंधकयुक्त वायु निघतात. घामांतही गंधक असतो. तो चांदीस भेटला कीं ती काळी पडते, मग ती कितीही चोख असो.

ही काळी झालेली चांदी परत मिळविण्याचा उपाय स्वस्त आहे. स्वयंपाकांतून काढून टाकलेलें जर्मलचें भांडें घ्यावें, अथवा दुसऱ्या कोणत्याही भांड्याच्या तळाशीं ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरावा. त्यांत लिटरभर कडकडीत पाणी ओतून एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा मीठ घालावें. चांदीचा जिन्नस आंत असा ठेवावा कीं तो तळाच्या ॲल्युमिनियमला टेकलेला राहील. न टेकल्यास काम होत नाहीं. थोड्याच वेळांत नासक्या अंड्यासारखा वास येऊं लागतो. ती खूण चांगली. गंधक चांदीस सोडून चालला आहे असें समजावें, व खिडकी उघडी ठेवावी. पांच मिनिटांनीं जिन्नस काढून विसळावा, टिपावा. थर जाड असेल तर नवें पाणी घेऊन पुन्हां करावें. घांसण्याचें काम जवळजवळ उरत नाहीं. तें भांडें मात्र पुन्हां चुलीवर चढवूं नये. ज्या दागिन्यांवर नक्षी उठून दिसावी म्हणून सोनारानें मुद्दाम काळा रंग दिला आहे, किंवा ज्यांत खडे, मोतीं वा लाख आहे, त्यांस ही रीत चालत नाहीं.

देव्हाऱ्यांतील टांकांविषयीं विशेष सांगावेसें वाटतें. पातळ पत्र्यावर ठोकून उठविलेली ती मूर्ति दर सणाला चिंच व राख लावून घांसतां घांसतां तीन पिढ्यांत नाकडोळे हरवून बसते. घरोघरचे जुने टांक पहावे, म्हणजे खंडोबा कोणता व भवानी कोणती हें घरच्यांसच सांगावें लागतें. त्यांस सोड्याच्या पाण्याची रीत लावली तर पुढच्या पिढीस देवाचें तोंड दिसेल.

शेतांतील कामाचाही दागिन्यांशीं संबंध येतो. द्राक्षावरील भुरीसाठीं गंधक धुरळतांना हातांत चांदीची अंगठी असेल तर ती संध्याकाळपर्यंत काळी होते. विहिरींत टी. सी. एल. भुकटी टाकतांना सोन्याचीही अंगठी काढावी; तींतील क्लोरीन सोन्यांतील हिणावर व सांध्यांवर चढतो, आणि कमी कसाचें सोनें त्यानें कालांतरानें ठिसूळ होतें. सर्वांत वाईट पारा. ताप पाहण्याची जुनी कांचेची नळी फुटली व पारा अंगठीस लागला तर सोनें पाहतां पाहतां पांढरें पडतें. तें चुलीवर तापवून पारा उडविण्याचा प्रयत्न कोणीही करूं नये. पाऱ्याची वाफ माणसास विषारी आहे. अंगठी झांकणाच्या बाटलींत घालून, पारा लागल्याचें स्पष्ट सांगून, जाणत्या सोनाराकडे द्यावी.

ठेवतांना प्रत्येक दागिना वेगळ्या सुती फडक्यांत गुंडाळावा. चांदीस रबराचा पट्टा लावूं नये, कारण रबरांत गंधक असतो. लोंकरीच्या कापडांतही ती ठेवूं नये. मोतीं हवाबंद पिशवींत कोंडूं नयेत.

वर्षांतून एकदां सर्व दागिन्यांचें वजन करून वहींत टिपावें. दशांश ग्रॅम दाखविणारा लहान कांटा आतां फार महाग राहिलेला नाहीं. १६ जून २०२१ पासून देशांतील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, व १ एप्रिल २०२३ पासून दुकानांतून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची ओळखखूण असावी लागते. बावीस कॅरटाच्या दागिन्यावर ९१६ हा आंकडाही असतो. जुन्या दागिन्यांवर ही खूण नसते व ते जवळ बाळगण्यास कोणतीही हरकत नाहीं. पण जेथें आहे तेथें ती घांसून पुसट करूं नये, आणि वजनाशेजारीं वहींत उतरून घ्यावी. सोनाराकडे उजळण्यास देणें भागच पडलें तर वजन आपल्यादेखत करवावें, काम होईपर्यंत समोर बसावें, व परत घेतांना पुन्हां कांट्यावर घालावें. प्रामाणिक सोनारास याचा राग येत नाहीं. आमच्या गांवचे सोनार तर कांटा स्वतःच पुढें सरकवितात.