एकच हाक

पहाटे ४. रंगरुटांआधी उस्तादानं उठायचं. बेळगावचा जुलै, रात्रभर पाऊस. बराकीत शिरलं की आधी ओल्या मोज्यांचा वास येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधली ही पोरं अग्निवीर म्हणून आलेली, त्यांचा पाचवा आठवडा चालू आहे. घरी आईच्या चार हाकांनाही उठत नसत. मी एकच मारतो.

४.३०. दाढी. मिसरूड फुटलेलं नसलं तरी ब्लेड फिरवायचंच. मच्छरदाणीची घडी, चादर ताणलेली, बूट चकचकीत.

५.३०. पीटी. २.४ किलोमीटर धावणं, बीम, दोर. यात पोरं तयारच असतात. भरतीसाठी गावाकडच्या रस्त्यावर वर्षभर पळालेली असतात.

खरी परीक्षा ८ वाजता, ड्रिलला. आमच्यात एक सांगलीकडचा आहे. बैलांमागं दिवसभर सरळ चालेल, पण ‘तेज चल’ म्हटलं की डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढं! सगळं स्क्वाड हसतं. मिनिटाला १२० कदम, कदम ३० इंचांचा, हे त्याला तोंडपाठ आहे. तिथंच घोटाळा होतो, मनात मोजत चालतो. त्याला मधल्या रांगेत घातला आणि सांगितलं, "मोजू नकोस, पुढच्याची टाच ऐक." दहाव्या फेरीला हात सुटला.

१०.३०. हत्यार. इन्सास खोलायची, पुसायची, जोडायची. तपासताना याच पठ्ठ्याच्या बॅरलमध्ये तेलाचा काळा थर निघाला. अख्ख्या सेक्शनला रायफली पुन्हा खोलायला लावल्या, वर मैदानाला एक चक्कर. शेजारच्या खाटेवरचा सातारकर फणफणला, "उस्ताद, चूक त्याची, आम्ही का?" वीस वर्षांपूर्वी मीही हाच सवाल माझ्या उस्तादाला केला होता. उत्तर म्हणून आणखी एक चक्कर मिळाली होती. मी तेवढंच पुढं चालवतो.

१ वाजता लंगर. पहिल्या आठवड्यात भाजीतला दोडका बाजूला काढणारे आता ताट पुसून खातात.

३ वाजता क्लास. जेवणानंतर डोळे मिटतात, म्हणून मी नाईक यशवंत घाडगे काढतो. माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगननं सेक्शनमधले सगळे पाडले, कुणी ठार, कुणी जखमी. राहिले फक्त सेक्शन कमांडर घाडगे. एकटेच धावले, ग्रेनेडनं गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

"वय किती होतं, उस्ताद?"

"बावीस."

मग डुलकी कुणाला येत नाही.

संध्याकाळी खेळ, मग गिनती, जेवण, उद्याच्या वर्दीला इस्त्री.

रात्री १०. लाइट आऊट. अर्ध्या तासानं बॅटरी घेऊन फेरी मारली. सांगलीकर घोरत होता, वर्दीची इस्त्री तेवढी झालेली, बूट तसेच ओले टाकलेले. शेजारचा सातारकर अंधारात खाली बसून त्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होता. उजेड पडताच जागच्या जागी ताठ उभा राहिला, एक बूट हातात तसाच.

लाइट आऊटनंतर हालचाल मना आहे. मी बॅटरी विझवली आणि पुढच्या बराकीकडे वळलो.