गमीच्या घरचा पहिला गुलाल

होळी पेटल्यावर दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, माळव्यातल्या बऱ्याच गावांत लोक आधी स्वतःच्या अंगणात रंग खेळत नाहीत. वर्षभरात ज्या घरी कोणी गेलेलं असेल त्या घराकडे आधी पावलं वळतात. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, नर्मदेच्या अलीकडे सतवास, कन्नौद, खातेगाव हा सगळा पट्टा आहे. तिथेही ‘गमीच्या’, म्हणजे शोकाच्या, घरी जाऊन यायचं हे धुळवडीचं पहिलं काम. ओट्यावर सतरंजी अंथरलेली असते, मध्ये गुलालाची ताटली. आलेला माणूस बोटभर गुलाल घेतो, घरच्यांच्या कपाळाला लावतो, घटकाभर टेकतो, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढतो आणि पुढच्या घरी जातो. ढोल नाही, आरडाओरडा नाही. ती धमाल रंगपंचमीला, होळीनंतर पाच दिवसांनी. पण ह्या चिमूटभर गुलालानंतर त्या घराला सण मोकळे होतात. घरच्यांनी सण कधी सुरू करायचे हे त्यांच्या एकट्याच्या हिमतीवर सोडलेलं नसतं, गाव दाराशी येऊन ते सुरू करून देतं.

ह्या रिवाजात फार मोठं शहाणपण आहे. जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष कसं जातं ते ज्याचं त्यालाच माहीत, आणि त्या वर्षात सर्वांत जड जातात ते सणच. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही ह्या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 उलथापालथींची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला पूर्ण 100 गुण, म्हणजे सगळ्यांत वर. त्याच यादीच्या तळाशी नाताळही आहे, 12 गुणांचा. चांगल्या घरातला चांगला सणही थोडा दमवतोच, हे त्यांनी मान्य केलं होतं. एकाच वर्षात हे दोन्ही ज्याच्या वाट्याला येतं, त्याने दिवाळीला ‘ह्या वेळी नको, आपलं घरच बरं’ म्हटलं तर नवल नाही.

मराठी घरांत तर दिवाळीची रचनाच अशी की जोडीदाराची जागा डोळ्यांत भरते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, आणि ओवाळणीत काय पडलं ह्यावर घरभर थट्टा चालते. ज्या घरात ते ताम्हन त्या सकाळी बाहेर निघत नाही, तिथे तो दिवस कुठून सुरू करावा हेच कळत नाही. बाईच्या बाबतीत दुःखात भर पडते ती रूढीची. संक्रांतीचं हळदीकुंकू, गौरीची सवाष्ण, चैत्रातलं बोलावणं: जिथे ती गेल्या वर्षापर्यंत हक्काने जात होती, तिथून तिचं नाव एका रात्रीत गळतं. कोणी ‘येऊ नकोस’ म्हणत नाही. नुसतं बोलावणंच येत नाही.

पुरुषावर असा बहिष्कार नसतो, हे न्यायाने सांगायलाच हवं. त्याची अडचण वेगळी. सणाचं सगळं ज्ञान बायकोच्या हाती असतं: अनारशाचं पीठ किती दिवस मुरवायचं, गौरीचे मुखवटे कुठल्या पेटीत आहेत, कोणत्या नातेवाइकाला फराळाचा डबा आधी पोचवायचा. ती गेली की घरातला सण कसा होतो हेच त्याला ठाऊक नसतं. मग मुलं सांगतात, ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो.’ आणि बाबा खरोखरच बसून राहतात, सणाच्या घरात पाहुण्यासारखे.

गेलेल्याची आठवण जपत घर माणसांना मोकळं कसं ठेवता येतं, ते माळव्यातल्याच एका घराने दाखवलं. देवास हे मराठी वळणाचं गाव, पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं. ह्याच गावात 1948 मध्ये क्षयाने आजारी असलेले तरुण गायक कुमार गंधर्व पत्नी भानुमतींबरोबर राहायला आले. भानुमतींनी शाळेत शिकवून संसार चालवला आणि त्यांची शुश्रूषा केली. 1961 मध्ये धाकट्या मुलाच्या जन्मानंतर त्या गेल्या. कुमारांनी पुढे वसुंधराताईंशी विवाह केला, पण ज्या घरात हा दुसरा संसार झाला, त्या घराचं नाव ‘भानुकुल’. गेलेल्या पत्नीचं नाव दारावर, आणि आत गाणं, शिष्य, पाहुणे, माळव्याची लोकगीतं, ऋतूंवर बांधलेले ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे कार्यक्रम.

12 जानेवारी 1992 रोजी कुमार गेले, तेव्हा एकटं राहण्याची पाळी वसुंधराताईंवर आली. त्या वेळी त्या साठीच्या घरात होत्या. जन्मभर त्यांची ओळख पतीच्या मागे बसून साथ करणारी गायिका अशीच होती, आणि अशा बाईने मैफल सोडून दिली असती तर कोणी दोष दिला नसता. त्या मात्र गात राहिल्या, शिकवत राहिल्या. 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2009 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. जुलै 2015 मध्ये त्या गेल्या. तोवर तेवीस वर्षं ‘भानुकुल’ गाण्याचं घर राहिलं आणि शिष्य, पाहुणे तिथे जमत राहिले. दुःख आवरून झाल्यावर माणसांत यायचं, असं त्यांच्या बाबतीत दिसत नाही. माणसं, गाणं आणि आठवण एकाच खोलीत नांदली.

मानसशास्त्रातही गेल्या काही दशकांत विचार ह्याच दिशेला सरकला आहे. पूर्वी ‘सोडून द्या, पुढे चला’ असा सल्ला असे. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन ह्यांनी उलट मांडणी केली: गेलेल्या माणसाशी नातं चालूच राहतं, आणि ते चालू ठेवण्यात काही बिघाड नाही. तीन वर्षांनी नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट ह्यांनी आणखी एक उपयोगी गोष्ट सांगितली. शोक करणारा माणूस सारखा ये-जा करत असतो, कधी दुःखाकडे, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि ही ये-जा निरोगीच असते. म्हणजे पंगतीत खळखळून हसलेली काकू अर्ध्या तासाने आतल्या खोलीत डोळे पुसत असेल, तर तिचं हसणं खोटं नव्हतं. तिला एवढीच सोय हवी की आत जाता यावं, आणि परत बाहेर आल्यावर कोणी चौकशांचा भडिमार करू नये.

माणसाने मन खुलं केलं तरी दार बंद असेल तर काय उपयोग? म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाचं काम फार मोलाचं वाटतं. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे ह्यांनी ही मोहीम उचलून धरली होती. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याआधी, 2013 च्या होळीला, वृंदावनच्या आश्रमातल्या विधवांनी सुलभ संस्थेच्या पुढाकाराने गुलाल उधळला होता, आणि पांढऱ्या साड्यांवरच्या त्या रंगांची छायाचित्रं देशभर पोचली होती.

आता गावोगावी ‘विधवांसाठी हळदीकुंकू’ असे कार्यक्रम होतात. पहिलं पाऊल म्हणून ते चांगलंच. पण त्यावर थांबून चालणार नाही, कारण वेगळं हळदीकुंकू म्हणजे वेगळी पंगतच. शेजारच्या घरी दरवर्षीसारखं जे हळदीकुंकू होतं, त्याच यादीत तिचं नाव त्याच ओळीत राहिलं पाहिजे. माळव्यातला धुळवडीचा रिवाज इथेच अपुरा पडतो. गुलाल कपाळाला लागतो, घराला सण मोकळा होतो, पण विधवा बाईला तो संक्रांतीपर्यंत पुरतोच असं नाही.

बोलावणाऱ्याने काय करावं? आमंत्रण स्वतः जाऊन द्यावं, आणि देताना परतीची वाटही मोकळी ठेवावी: ‘तासभर ये, वाटलं तर थांब, नाहीतर विनू सोडून येईल.’ सणात तिला काम द्यावं, तेही खरं काम. चिवड्याची फोडणी तिच्याच हातची हवी असेल तर तसं सांगावं. एकट्या राहिलेल्या आजोबांना नातवंडांबरोबर किल्ला करायला बसवावं. पाडव्याला नातीने आजोबांना ओवाळलं, लेकीने आईला ओवाळलं, तर कोणत्या शास्त्राला धक्का बसतो? आणि गेलेल्याचं नाव टाळू नये. ‘काकांना करंज्या फार आवडायच्या’ असं ताट वाढताना कोणी सहज म्हटलं की पंगतीतला अवघडलेपणा निम्म्याने उतरतो. पुढचा किस्सा बहुधा काकूच सांगते, आणि तो सगळ्यांत चांगला असतो, कारण बाकीच्यांना तो माहीतच नसतो.