चौथी भिडू मिळेल का?

आमच्या पनवेलकडे कडव्या वालांचं बिरडं सोलायला बसलं की शेजारच्या दोघी-तिघी आपसूक येऊन टेकतात. हात चालतात, तोंडंही चालतात! परवा अशाच चौघी बसलो होतो आणि मनात आलं, ब्रिजला तरी याहून जास्त माणसं कुठे लागतात?

पत्ते आपल्याला नवे नाहीत. भिकार-सावकार, मेंढीकोट, रमी सगळ्यांच्या हातातलं. पण ब्रिज म्हटला की तो पुरुषांचा. साहेबाबरोबर आला, जिमखान्यांत रुजला आणि वकील-डॉक्टरांच्या बैठकीत बसला. आपण आत जायचं ते चहाचा ट्रे घेऊन. "तीन बदाम", "डबल" असं काहीबाही कानावर पडायचं, तेवढंच आपलं शिक्षण.

खरं तर आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बसवला, आणि पुढे सहाच वर्षांत अमेरिकेत गाजलेल्या दीडशे रबरांच्या सामन्यात ईली कल्बर्टसनसमोर भिडू म्हणून बसली ती त्याची बायको जोसेफिन. म्हणजे बायका या टेबलावर पहिल्यापासून आहेत!

"पत्ते म्हणजे जुगार" असं सासूबाई म्हणतील. त्यांना सांगावं, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं म्हटलं, तेव्हा दाखला दिला तो ब्रिजचा. (पैसे लावले की मात्र गोष्ट वेगळी, तिथे सासूबाईच बरोबर.)

आणि क्लबातली पद्धत तर पाहण्यासारखी. एका टेबलावर खेळून झालेली पानं बोर्डाच्या चार खणांत जशीच्या तशी ठेवून पुढच्या टेबलावर जातात. तीच पानं सगळ्यांनी खेळायची. "तिला पानंच चांगली आली" ही सबब मग उरत नाही!

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदाच आला. मिश्र संघात कांस्यपदक मिळवणाऱ्यांत मुंबईच्या हेमा देवरा होत्या, माहेरच्या फणसळकर, वय ६७. रीटा चोक्सी तर ७९ वर्षांच्या, भारताच्या पथकात सर्वांत वडील. गुडघे दुखतात म्हणून खेळ सुटला, ही तक्रार इथे चालत नाही.

सुरुवात सोपी आहे. प्रत्येकीला १३ पानं. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. बारा-तेरा गुण असले की बोली लावायची. किलवर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांवर बिनहुकमी. बोलीपेक्षा सहा हात जास्त करायचे, म्हणजे "एक बदाम" म्हणणारीने सात हात केले पाहिजेत. बोली जिंकणारीची भिडू पानं उघडी मांडून मोकळी होते. तिला डमी म्हणतात. तेवढ्या वेळात कुकरची शिट्टी बघून येता येतं.

परवा दोघींनी लगेच होकार दिला. तिसरी म्हणाली, "अहो, दुपारी यांना चहा लागतो चारला." मी म्हटलं, डाव तीनला मांडू. ती अजून विचारच करते आहे.