परतीचे हशील कोणाकडे?

दर्यापूरच्या बाजार समितीच्या आवारात तुरीचा हर्रास चालू असताना खरेदीदाराचे हात पाहावेत. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ वर काढतो, दाणा दाताखाली धरून ओलावा अजमावतो आणि मगच बोली बोलतो. माल समोर असतो. शेतकरी, अडत्या आणि मापारीही समोर असतात. हमाली व तोलाई कोणी द्यावी हे आधी ठरलेले असते. वऱ्हाडला ही शिस्त नवी नाही. येथील कापूस व धान्य बाजारांचा कायदा १८९७ सालीच झाला होता.

तोच शेतकरी स्वतः खरेदीदार झाला म्हणजे मात्र ही सावधगिरी घरी ठेवतो. मोबाइलवर फवारणी पंपाचे चित्र दिसते, खाली बोली किंवा किंमत दिसते, बोट लावले की सौदा पुरा होतो. आठ दिवसांनी खोके येते. समजा, जाहिरातीत १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी सांगितली होती आणि खोक्यातून निघाली ८ अँपिअर-तासांची. दर्यापूर तालुक्याचा बराच भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारट, म्हणून पीक पावसाच्या भरवशावर. दोन सरींमधली उघडीप साधून मुगावर वा कपाशीवर फवारणी उरकावी लागते. अशा वेळी अर्ध्या वावरातच पंपाचा जोर गेला तर नुकसान पंपाच्या किमतीवर थांबत नाही.

शेतकरी तक्रार करतो. विक्रेता गोड शब्दांत कळवितो की, पंप परत पाठवा, पैसे देऊ. परतीचे हशील मात्र आपण भरावे. पंपाचे २,५०० रुपये आणि पार्सलचे ३५० धरले, त्यात दर्यापूरला जाण्यायेण्याचा दिवस मिळविला, तर पुष्कळ शेतकरी पंप कोपऱ्यात टाकून गप्प बसतात. काही विक्रेत्यांचा हिशेब या कंटाळ्यावरच उभा असतो.

वस्तुतः कायदा शेतकऱ्याच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम ४३ असे सांगते की, उभयतांत वेगळा करार नसेल आणि माल नाकारण्याचा हक्क खरेदीदारास पोचत असेल, तर तो माल परत पोचविण्यास तो बांधलेला नाही. आपण माल नाकारीत आहोत एवढे विक्रेत्यास कळविले की पुरे. माल जपून ठेवावा, विक्रेत्याने तो स्वखर्चाने न्यावा. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. विकत घेताना ज्या अटींना आपण न वाचता होकार देतो, त्यांतच हा वेगळा करार दडलेला असू शकतो.

ग्राहक संरक्षणाचे ई-व्यापारविषयक नियम जुलै २०२० पासून लागू झाले. सदोष, बनावट अथवा जाहिरातीबरहुकूम नसलेली वस्तू परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेल्या मालालाही, आकस्मिक आपत्तीची सबब नसल्यास, हेच लागू आहे. परतीचे हशील कोणी द्यावे हे या नियमांनी थेट ठरविलेले नाही. त्या खर्चाची माहिती विक्रेत्याने स्पष्टपणे द्यावी, असे बंधन घातले आहे. सबब, जेथे ही माहितीच दिलेली नाही तेथे मागाहून हशील मागणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

वस्तू सांगितल्याप्रमाणेच आहे, पण घरी आल्यावर मन बदलले, अशा वेळी गोष्ट वेगळी. तेथे दोष विक्रेत्याचा नाही आणि परत घेण्याची सवलत त्याने दिली असेल तेवढीच. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येते; तेथेही परतीचे हशील, विक्रेत्याने पत्करले नसेल तर, सामान्यतः ग्राहकच भरतो. आपल्याकडे अशी सरसकट मुदत नाही.

वित्तसंस्थांनी जप्त केलेल्या ट्रॅक्टरांचे लिलावही आता ऑनलाइन होतात, आणि तेथे खरी जोखीम आहे. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट असलेल्या लिलावात यंत्राचा दोष व वाहतूक दोन्ही खरेदीदाराच्या माथी येतात. परतीचा प्रश्न तेथे सहसा उद्भवतच नाही. म्हणून बोलीपूर्वी जाणत्या मिस्त्रीला घेऊन ट्रॅक्टर उभा असेल तेथे जावे. त्या प्रवासाचा खर्च वाचविणे म्हणजे ढिगात हात न घालता तूर घेणे होय.

माल नाकारायचा असेल तर दिरंगाई करू नये. पंप दोन दिवस फवारणीस वापरला किंवा काही न कळविता महिनाभर ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे समजले जाण्याचा संभव असतो. खोके उघडताना चित्रफीत घ्यावी, वरचे लेबल फाडू नये, जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. बियाणे असल्यास पिशवी, खूणचिठ्ठी, पावती व मूठभर बी राखून ठेवावे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात मान्य केले आहे.

पत्र लिहिण्यास शेतकरी कचरतो. येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याने हात द्यावा. मजकूर एवढाच पुरतो: “अमुक तारखेस मिळालेल्या पंपाची बॅटरी जाहिरातीप्रमाणे नाही. सबब मी पंप नाकारीत आहे. तो माझ्याकडे सुरक्षित आहे. आपण स्वखर्चाने न्यावा व किंमत, आणण्याच्या हशिलासह, परत करावी.” हे विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्यास पाठवून त्याची प्रत ठेवावी. शेतकऱ्याने हशील भरून माल पाठविलाच, तर त्याची पावती जोडून ती रक्कमही मागावी.

दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवावे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रारदार राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या अधिनियमाने दिली असल्यामुळे दर्यापूरच्या शेतकऱ्यास अमरावतीस जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही.

“परतीचे हशील आधी भरा, मग पैसे जमा होतील,” असे सांगून कोणी दुवा पाठवील किंवा संकेतांक विचारील, तर तो विक्रेता नव्हे, भामटा समजावा. पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा.