ताशी दोन लिटर

द्राक्षबागेतला ठिबकचा ड्रिपर माशांच्या टाकीला बसवतात, हे ऐकलं आणि नाशिकच्या एका काकांकडे गेल्याशिवाय राहवलं नाही. त्यांची टाकी दोनशे लिटरची, आत डिस्कस. मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा पाण्याच्या बाबतीत फार नाजूक. कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ते नायट्रेट साध्या फिल्टरने हटत नाही, पाणीच बदलावं लागतं. आटलं तेवढी भर घालूनही भागत नाही, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात.

काका दर रविवारी बादल्यांनी निम्मं पाणी बदलायचे. त्यांना बोचायचं ते माशांचं काळवंडून कोपऱ्यात दडणं. “एका तासात निम्मं पाणी परकं. त्यांनी किती सोसायचं?” म्हणून हा उद्योग: ताशी दोन लिटर, रोज दहा तास. दिवसाला वीस लिटर, टाकीचा दहावा हिस्सा.

जास्तीचं पाणी बाहेर पडायला टाकीच्या काचेला भोक हवं होतं. मासे टबात हलवले, रिकामी टाकी आडवी केली. काचवाल्या दादांनी आधी काच टफन्ड नाही ना, याची खात्री करून घेतली. तशी असती तर भोक पाडताना चुराच झाला असता. मग खुणेभोवती पुट्टीचं आळं केलं, त्यात पाणी ओतलं आणि हिऱ्याच्या कणांचा होल सॉ टेकवला. आळ्यातलं पाणी दुधाळ झालं. “जोर लावायचा नाही काका, मशीनचं वजन पुरे,” दादा म्हणाले. त्यांची नजर काचेवर नव्हतीच, कान होता. आवाज बारीक होताच त्यांनी हात आणखी हलका केला. तो हलका होणारा हात मी अजून विसरलेली नाही. सगळी यंत्रणा त्या हातावर उभी आहे.

पुढचं सोपं. भोकात वॉशर घालून टँक निपल, तिथून पाइप बाल्कनीतल्या कुंड्यांना. गच्चीवरच्या टाकीची लाइन क्लोरीनसाठी कार्बन फिल्टरमधून ड्रिपरला. ड्रिपरवर ताशी दोन लिटर असं लिहिलेलं असलं, तरी ते पुरेशा दाबाला. गच्ची दोनच मजले वर. म्हणून काका मापटं धरून बसले. मिनिटाला तेहतीस मिली हवं, भरलं वीसच. दुसरा ड्रिपर जोडून, कॉक थोडा आवळून त्यांनी ते जमवलं.

बाजारात सेन्सर आणि पंपांच्या यंत्रणा मिळतात. मला ही जास्त पटते. पाणी भोकापर्यंत चढलं की येईल तेवढंच बाहेर पडतं, वीज गेली तरी. नायट्रेट मिसळलेलं पाणी कुंड्यांना खत म्हणून चालतं, एरवी रोजचे वीस लिटर मोरीत घालवणं मला पाहवलं नसतं. भोकावरची जाळी तुंबली, तर मात्र ताशी दोन लिटर पाणी घरात सांडणार. म्हणून काका रोज सकाळी खाद्य टाकण्याआधी जाळी पुसतात आणि रविवारी नायट्रेट तपासतात.