विशेषणापुढचे ‘टू’

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावा लागत नाही. त्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहायचे: ‘धिस व्हरायटी इज ईझी टू ग्रो.’ मराठी माध्यमातली अनेक मुले शेवटी ‘इट’ जोडतात. ती चूक लहान आहे, पण तिच्यामागचे गैरसमज लहान नाहीत.

“अशी रचना मराठीत नाही, म्हणून ती मराठी मुलांना जड जाते.”

रचना मराठीत जशीच्या तशी आहे. ‘हा वाण पेरायला सोपा आहे’ यात पेरायचा तो वाणच, पण ‘हा वाण त्याला पेरायला सोपा आहे’ असे कोणी म्हणत नाही. कर्माची जागा रिकामी ठेवायची, हे मराठी कानाला न शिकवता कळते. इतकेच नव्हे, ‘तो फसवायला सोपा आहे’ यात फसणारा तो असतो आणि ‘तो फसवायला तयार आहे’ यात फसवणारा तो असतो. हा फरक कोणत्याही मुलाला तत्काळ समजतो. ‘ईझी टू प्लीज’ आणि ‘ईगर टू प्लीज’ या अशाच जोडीवरून नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात दाखवले की वरून सारखी दिसणारी वाक्ये आतून वेगळी असतात. मग ‘इट’ येते कुठून? सकर्मक क्रियापदाला कर्म हवेच, हे वर्गात इतके घोटून घेतलेले असते की रिकामी जागा चूक वाटू लागते. मुले निष्काळजी नसतात. एक नियम ती प्रामाणिकपणे पाळतात, फक्त तो इथे लागू होत नाही.

“‘टू’ म्हणजे खूप.”

इथे विशेषणाआधी येणाऱ्या, दोन ‘ओ’ असलेल्या ‘टू’बद्दल बोलायचे आहे. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ याचा अर्थ चहा खूप गरम आहे एवढाच नाही, तो पिता येत नाही. वाक्यात ‘नॉट’ दिसत नाही, त्यामुळे नकार नजरेतून सुटतो. परीक्षेत हे ‘टू’ काढून वाक्य लिहायला सांगतात, तेव्हा तो उघडा पडतो: ‘द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.’ या रूपात मात्र ‘इट’ हवेच, कारण ‘दॅट’नंतरचे उपवाक्य स्वतःपुरते पूर्ण असते. एकाच सरावात एकीकडे ‘इट’ नको आणि दुसरीकडे हवे. कारण न सांगता फक्त सूत्र पाठ करून घेतले तर गोंधळ होणारच.

“विशेषणापुढे येणारे ‘टू’ म्हणजे ‘ला’ किंवा ‘साठी’.”

‘रेडी टू गो’ म्हणजे जायला तयार, इथे हे जुळते. पण ‘सॉरी टू हिअर’ म्हणजे ऐकून वाईट वाटले. ‘सॉरी’सारख्या भावना सांगणाऱ्या विशेषणानंतर ‘टू’ कारण दाखवते, हेतू नाही.

“माणूस आला की ‘फॉर’ घालावे.”

‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू गो’ बरोबर आहे. ‘इट वॉज काइंड फॉर यू टू कम’ मात्र चूक, तिथे ‘ऑफ’ हवे. कसोटी सोपी आहे: ‘यू आर काइंड’ म्हणता येते, म्हणजे गुण माणसाचा. ‘डिफिकल्ट’ मात्र मी नाही, जाणे आहे.

“विशेषणानंतर क्रियापद आले की ‘टू’ लावून मोकळे व्हावे.”

पुस्तकातली बहुतेक उदाहरणे या नियमात बसतात, म्हणून तो पक्का वाटतो. पण ‘वर्थ’ आणि ‘बिझी’ यांच्यानंतर ‘रीडिंग’सारखे रूप येते, तर ‘केपेबल’ला ‘ऑफ’ लागते. ‘अफ्रेड’ दोन्हीकडे जाते आणि अर्थ बदलते. विहिरीच्या काठावर उभा असलेला, उडी मारायला धजत नसलेला मुलगा ‘अफ्रेड टू जम्प’ असतो. तोल जाऊन पडू या भीतीने मागे सरकणारा ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात विशेषणाच्या नोंदीतच त्याच्यापुढे काय येते ते दिलेले असते. अर्थ पाहून पान मिटण्याआधी तेवढी ओळ वाचावी.